एक प्रश्न वाढवा : आरोग्यमंत्र्यांना कुपवाडहून खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



माझ्या थोरल्या बहिणीला चाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, लाईट, सगळं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पार पडलं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आम्ही आरोग्यमित्राच्या टेबलापुढं उभ्या राहिलो आणि कागद पुढं सरकले. ही योजना नसती, तर वडिलांनी कुपवाड एमआयडीसीत उभी हयात घालवून बांधलेलं घर तेव्हाच गेलं असतं. म्हणून आधी आभार मानते, आणि ते मनापासून आहेत.

आता मागणं. योजनेच्या कागदावर रोगी एकच असतो. त्याचं नाव, त्याचा फोटो, त्याचा आजार, त्याच्या उपचाराचं पॅकेज. काही कॅन्सर मात्र एका माणसापुरते नसतात. ते घराण्यात असतात, आणि एकीला गाठ आली की बाकीच्यांसाठी तीच पहिली खबर असते. ही खबर आपल्या व्यवस्थेत कुणी नीट लिहून घेत नाही. बहिणीच्या केसपेपरवर घरच्या आजारांचा रकाना होता. दवाखान्यात विचारलं, "आईला, बहिणीला कुणाला होता का?" आम्ही नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. आत्याचं कुणी विचारलं नाही.

आमची आत्या ‘पोटात पाणी होऊन’ गेली. आमच्याकडं असंच म्हणतात. पोट फुगलं, जेवण तुटलं, पाणी काढून आणलं, पुन्हा भरलं, आणि गेली. पन्नाशीही झाली नव्हती. तिच्या लेकीला पुढं पस्तिशीत छातीत गाठ आली. घरात या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध कुणी लावला नव्हता, कारण एकीचं दुखणं पोटाचं होतं आणि दुसरीचं छातीचं. पुढच्या सल्ल्यासाठी बहिणीला मुंबईला नेलं, तेव्हा तिथल्या समुपदेशिकेनं पहिल्यांदा म्हटलं, "आता वडिलांकडच्या बायकांचं सांगा."

तिनं एक कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नवरा-बायकोला जोडणारी आडवी रेघ, तिच्याखाली त्यांची मुलं. ज्याला कॅन्सर झाला त्याची खूण पेनानं भरायची, जो गेला त्याच्यावर तिरकी रेघ मारायची. शेजारी वय लिहायचं, आजार झाला तेव्हाचं आणि गेला तेव्हाचं. आधी आमची पिढी, मग आई-वडील, काका, आत्या, मामा, मावश्या, मग दोन्हीकडचे आजी-आजोबा. ती घाई करत नव्हती. आईला एखाद्या मावशीचं वय आठवेना, तर थांबायची, "तुमच्या लग्नात त्यांना मूल झालं होतं का?" असं विचारून अंदाज काढायची. कागद भरला तेव्हा आईची बाजू सगळी कोरी राहिली होती. वडिलांच्या बाजूला भरलेले गोल आले आणि त्यांच्यामध्ये एक रिकामा चौकोन. तो चौकोन म्हणजे सत्तरी ओलांडलेले, धडधाकट आमचे वडील.

ते त्या कागदाकडं बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे मीच दिलं व्हय पोरीला?"

ती म्हणाली, "काका, ते तुमच्या हातात नव्हतं. तुम्हालाही ते कुणाकडून तरी आलंच की. आता कळलंय, तर बाकीच्या पोरींसाठी त्याचा उपयोग करू."

मंत्रिमहोदय, रक्त कुणीही काढील. हे वाक्य बोलायला शिकलेला माणूस लागतो. तो माणूस मिरजेत हवा, एवढंच या पत्रात मला म्हणायचं आहे. बाकीचं सगळं त्याच्या आधाराला लिहिते आहे.

यामागचं शास्त्र समुपदेशिकेनं वडिलांना त्यांच्या भाषेत सांगितलं, तसंच इथं सांगते. शरीराच्या प्रत्येक पेशीत खराब झालेला डीएनए दुरुस्त करणारी जनुकं असतात. बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही त्यांतली दोन. प्रत्येकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. कारखान्याच्या मेंटेनन्सला दोन फिटर असावेत तसं. जन्मापासून एकच कामावर असला तरी तो काम ओढून नेतो. पण एखाद्या पेशीत तोही निकामी झाला की तिथं बिघाड साचत जातो आणि कधीतरी गाठ होते. म्हणजे घराण्यातून येतो तो कॅन्सर नव्हे, कॅन्सरचा धोका. मात्र धोका लहान नाही. मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे 2017 साली प्रसिद्ध झाले. बीआरसीए-1 मध्ये दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी वयाच्या ऐंशीपर्यंत सुमारे 72 जणींना स्तनाचा आणि 44 जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो, असा त्याचा अंदाज आहे. बीआरसीए-2 साठी हेच आकडे 69 आणि 17 आहेत. दोष पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता प्रत्येक मुलामागं निम्मी, मग ती मुलगी असो की मुलगा. पुरुषाला त्यातून प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा, क्वचित स्तनाचाही कॅन्सर होऊ शकतो. पुष्कळदा त्याला काहीच होत नाही आणि दोष मात्र त्याच्यातून लेकीकडं जातो. ‘बायकांचा आजार आईकडून येतो’ या समजुतीनं आमच्यासारख्या किती घरांत आत्या हिशेबातच धरली गेली नसेल!

मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईंनी 1990 साली दाखवून दिलं, की तरुण वयात स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या घराण्यांमधला दोष सतराव्या गुणसूत्रावर आहे. खुद्द जनुक 1994 साली हाती लागलं. त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. अमेरिकेत मिशिगनमधल्या अॅन आर्बरला आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे रोगनिदानतज्ज्ञ होते. 1895 साली एक शिवणकाम करणारी बाई त्यांना म्हणाली, की मी तरुणपणीच कॅन्सरनं जाणार, माझ्या घरातले सगळे तसेच गेलेत. ती तशीच गेली. वॉर्थिननी तिचं बोलणं मनावर घेतलं, घराण्याची माहिती गोळा करून 1913 साली छापली. पुढं हेन्री लिंच यांनी असलीच कुटुंबं अभ्यासली आणि मोठ्या आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या आणणाऱ्या दोषाला त्यांचं नाव मिळालं. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यातला नेमका बिघाड सापडायला 2000 साल उजाडलं. म्हणजे तो बिघाड सापडण्याच्या शंभर वर्षं आधी, घरात काय चाललंय हे एका बाईला कळलं होतं आणि ते ऐकून घेणारा एक डॉक्टर भेटला होता. तिच्या त्या बोलण्याच्या आदल्याच वर्षी, 1894 मध्ये, डॉ. वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं. मिरजेला रोगी यायला लागले ते तेव्हापासून. कोकणातून, कर्नाटकातून, आजही येतात.

आणि घराण्याची माहिती लिहून ठेवणं आपल्याला नवीन आहे असं कुणी म्हणू नये. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे. दारात बसून घराण्याची वंशावळ वाचतात, मूळ गाव कोणतं, कोण कुठून आला, कुणाला किती मुलगे. नवीन जन्मलेल्याचं नाव वहीत चढवतात, धान्य, कापड, पैसे घेऊन पुढच्या दारी जातात. जातीचा दाखला काढायचा तर प्रतिज्ञापत्रावर वंशावळ द्यावी लागते. सातबारावर वारस नोंदायचे तर तलाठ्यापुढं पुन्हा तीच. जमिनीसाठी आणि दाखल्यासाठी आमच्यातला अडाणी माणूससुद्धा पणजोबापर्यंतची नावं घडाघडा सांगतो. पण या वंशावळी मुख्यतः बापाकडून लेकाकडं उतरतात. लग्न होऊन गेलेली आत्या दुसऱ्या घराच्या कागदावर जाते, तिथंही ती कुणाची तरी बायको म्हणून. आईची आई तर कुठल्याच कागदावर सापडत नाही. वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं लेकींना वडिलोपार्जित जमिनीत मुलग्याच्या बरोबरीचा हक्क मिळाला, म्हणून त्यांची नावं वारस नोंदीत येऊ लागली. आणि पुष्कळ जणी भावासाठी हक्कसोड पत्रावर सही करून पुन्हा त्या कागदावरून उतरतात. जमिनीवरचा हक्क सोडता येतो, रक्तातलं हे सोडता येत नाही. डॉक्टरला लागणारी वंशावळ तीन पिढ्यांची आणि दोन्ही बाजूंची असावी लागते. ती आपल्या घरांत नेमकी अर्धी आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर हे पत्र वाचून उगाच घाबरगुंडी उडेल. सगळे कॅन्सर घराण्यातून येत नाहीत. जन्मजात दोषातून येणारे शंभरात पाच ते दहा असतात. आपल्याकडं तोंडाचा कॅन्सर घराघरांत दिसतो. बाप, चुलता, लेक तिघांनाही झालेला असतो, आणि लोक म्हणतात घराण्यातच आहे. तिथं घराण्यातून आलेली असते ती तंबाखूची चंची. बायकांची मिश्री तीच. अशा घराला जनुकीय चाचणीची गरज नाही, तंबाखू सुटायची गरज आहे. संशय घ्यायच्या खुणा वेगळ्या आहेत. स्तनाचा कॅन्सर कमी वयात झालेला. दोन्ही स्तनांत झालेला. पुरुषाच्या स्तनात झालेला. अंडाशयाचा, मग वय काहीही असो. असा कॅन्सर झालेल्या प्रत्येक बाईला जनुकीय चाचणी सुचवावी असंच आता जगभरचे वैद्यकीय नियम सांगतात. पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा. आणि एकाच बाजूच्या नातेवाइकांत दोघा-तिघांना. या खुणा ओळखायला एमबीबीएस व्हावं लागत नाही. आमच्या गल्लीतल्या आशाताईंना त्या एका दुपारच्या प्रशिक्षणात समजतील.

आशाताईंचं नाव मुद्दाम घेतलं. त्यांच्या हातात एक फॉर्म असतो, सगळे त्याला सीबॅक म्हणतात. तिशीवरच्या माणसांना त्या घरोघर जाऊन विचारतात. तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, व्यायाम करता का. आमच्या दारातही ताई आल्या होत्या. कट्ट्यावर बसून, फॉर्म मांडीवर घेऊन एकेक प्रश्न वाचत होत्या. त्यात एक प्रश्न घराण्याचा आहे. आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का? तिथं कॅन्सर हा शब्द नाही. पुढं बायकांसाठीच्या भागात छातीत गाठ आहे का, हे विचारलं आहे. म्हणजे गाठ आल्यावरचा प्रश्न आहे, येण्याआधीचा नाही. आणि नाती धरली आहेत ती फक्त आई-वडील आणि सख्खी भावंडं. आमची आत्या, तिची लेक, या प्रश्नात बसतच नाहीत.

फॉर्म देशपातळीवरचा आहे हे मला ठाऊक आहे. पण घरोघर जाणारी आशा आपल्या राज्याची आहे. तिच्या कागदावर आपल्या राज्यापुरती एक ओळ वाढवायला दिल्लीनं नाही म्हणण्याचं कारण दिसत नाही: ‘आईकडच्या किंवा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला पन्नाशीच्या आत कॅन्सर, किंवा कोणत्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर झाला आहे का?’ आणि खाली कंसात, ‘पोटात पाणी होऊन बाई गेली आहे का?’ पोटात पाणी दुसऱ्या दुखण्यांनीही होतं, त्यामुळं एवढ्यावरून काही ठरत नाही. पण अंडाशय हा शब्द आमच्या आजीच्या पिढीनं ऐकलेला नाही. तिला कळेल असं विचारलं तर ती सांगेल.

घरोघर विचारून कॅन्सरची नोंद ठेवायचा अनुभव याच राज्याच्या गाठीशी आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांत माणसं जाऊन विचारत, लिहून घेत, शंका आली तर नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयात आणत. मोबाईल नव्हते तेव्हा ते जमलं.

आता विचारलं, खूण सापडली, तर पुढं काय? इथं खरी अडचण आहे. चाचणी सांगलीत मिळत नाही असं नाही. खासगी प्रयोगशाळांचे लोक येऊन रक्त घेऊन जातात, काही आठवड्यांत अहवाल फोनवर येतो. घराण्यातून येणाऱ्या दोषांची पूर्ण चाचणी करायला काही हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत पैसे लागतात. पण तो अहवाल इंग्रजीत, पानंच्या पानं, आणि समजावून सांगायला कुणी नाही. अहवाल तीन प्रकारचा येऊ शकतो. दोष सापडला. दोष सापडला नाही. आणि तिसरा, बदल सापडला पण त्याचा अर्थ आज लागत नाही. हा तिसरा प्रकार आपल्या लोकांत जास्त येतो, कारण तुलनेसाठी जगात साठवलेली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. जीनोम इंडिया प्रकल्पानं 10,000 भारतीयांची जनुकीय माहिती तयार केली आहे, त्यानं हे हळूहळू सुधारेल. तोवर अर्थ न लागलेल्या बदलाला कुणी दोष समजून घाबरून स्तन काढायला निघालं, किंवा ‘काही नाही’ समजून निर्धास्त राहिलं, तर त्या घराला चाचणी न केलेली बरी.

दुसरी गोष्ट चाचणी कुणाची आधी करायची ही. लोक निरोगी लेकीला पुढं करतात, ‘हिचं बघा’ म्हणतात. खरं तर आधी आजारी माणसाचं रक्त तपासावं लागतं. तिच्यात दोष सापडला, तर बाकीच्यांना फक्त तो एक दोष शोधायचा असतो. ती चाचणी पुष्कळ स्वस्त पडते आणि उत्तर स्वच्छ मिळतं, आहे किंवा नाही. निरोगी लेकीचीच चाचणी आधी केली आणि काही सापडलं नाही, तर त्याचा अर्थ लागत नाही: घराण्यातला दोष तिला आला नाही, की घराण्यात असा दोषच नव्हता, की तो चाचणीत दिसत नाही? हे सगळं अहवालाच्या आधी सांगणं आणि अहवालानंतर हात धरून बसणं, हे समुपदेशकाचं काम आहे. टाटा मेमोरियलमध्ये आणि त्यांच्या खारघरच्या अॅक्ट्रेक केंद्रात हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. पण कुपवाडची बाई रात्रीच्या महालक्ष्मीनं दादरला उतरणार, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का बघणार, एका बोलण्यासाठी मजुरी बुडवणार, आणि ज्या बहिणीला काहीच झालेलं नाही तिलाही घेऊन जाणार, हे होत नाही. आजारी माणसासाठी घर हलतं. धडधाकट माणसासाठी कुणी गाडीत बसत नाही.

म्हणून मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनुकीय समुपदेशकाचं पद हवं. रोजची ओपीडी जमत नसेल तर आठवड्यातून एक दिवस ठेवा, पण तो वार ठरलेला असू द्या. मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी व्यक्ती असेल तर फार बरं. मिरजेच्या रांगेत दोन्ही भाषा उभ्या असतात. रक्त इथं घ्या, तपासणीला मुंबईला पाठवा, आणि निकाल सांगायला माणसाला पुन्हा इथंच बोलवा. फुले योजनेचं छत्र दीड लाखांवरून पाच लाखांवर गेलं, चांगलं झालं. त्यातच खुणा जुळणाऱ्या रोग्याची चाचणी घाला आणि दोष निघाला तर रक्ताच्या नात्यातल्या निरोगी माणसांची त्या दोषापुरती चाचणीही घाला. योजना दवाखान्यात दाखल झालेल्यासाठी घडवली आहे आणि ही माणसं दाखल झालेली नसतात, हे मला समजतं. नियम बदलावा लागेल. एका बहिणीच्या केमो, ऑपरेशन, लाईटवर सरकार जे लाखो रुपये घालतं, त्याच्या मानानं तिच्या धाकट्या बहिणीची चाचणी म्हणजे किरकोळ खर्च आहे.

चाचणीनंतर करण्यासारखं काही नसेल तर कळून काय उपयोग, असं मला ओळखीच्या बायकांनी विचारलं आहे. करण्यासारखं आहे. बीआरसीए दोष असलेल्या बाईला पंचविशीपासून दर वर्षी स्तनांचा एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राफीही सांगतात; गाठ आलीच तर ती बारीक असताना सापडते. अंडाशयाचा कॅन्सर वेळीच पकडणारी भरवशाची तपासणी आज जगात कुठंच नाही. म्हणून मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-1 असेल तर पस्तीस ते चाळिशीत आणि बीआरसीए-2 असेल तर थोडं उशिरा, अंडाशय आणि बीजनलिका काढून टाकण्याचा सल्ला देतात. त्यानं पाळी अकाली जाते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, अंगाची आग होते. हे सोपं नाही आणि ते कुणी सोपं करून सांगू नये. लिंच दोष असेल तर विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात आणि आतड्यातली वाढ कॅन्सर होण्याआधीच काढतात. आणि ज्यांना कॅन्सर झालेलाच आहे त्यांनाही उपयोग आहे, बीआरसीए दोष असेल तर ओलापॅरिबसारखी औषधं लागू पडतात. माझ्या एका चुलत बहिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि चाचणी नको म्हणाली. लहान पोरं आहेत, आत्ता हे डोक्यावर नको, म्हणाली. समुपदेशिकेनं तिला एका शब्दानंही आग्रह केला नाही. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं तेच बरोबर. जाणून न घेण्याचा हक्कही तिचाच आहे. फक्त तो तिनं सगळं ऐकल्यावर वापरला.

माझी चाचणी झाली. निकाल काय आला ते इथं लिहिणार नाही. पत्राखाली माझं नाव नाही, त्याचंही कारण तेच आहे. आमच्या घरात लग्नाच्या मुली आहेत. स्थळ येतं तेव्हा पाहुणे शेती विचारतात, नोकरी विचारतात, आणि ‘घराण्यात काही आजार वगैरे?’ हे आडून विचारतात. आत्याचं मरण आमच्या घरात पोटात पाणी म्हणूनच का राहिलं, याचं एक उत्तर यात आहे. ज्या घरात भीती असते ते घर आशाताईच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतं. त्यामुळं प्रश्न वाढवताना उत्तर झाकून ठेवण्याची हमीही द्यावी लागेल. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं, की जनुकीय कारण पुढं करून आरोग्यविम्यात सरसकट भेदभाव करणं घटनेला धरून नाही; त्यानंतर विमा नियामकानंही जनुकीय आजाराच्या सबबीखाली दावे नाकारू नका, असं कंपन्यांना कळवलं. पण अमेरिकेत 2008 साली जनुकीय माहितीवरून नोकरीत आणि आरोग्यविम्यात भेदभाव करायला बंदी घालणारा खास कायदा झाला, तसा आपल्याकडं झालेला नाही. तो केंद्राचा विषय आहे. राज्याच्या हातात निदान एवढं आहे, की सरकारी रुग्णालयातला असा अहवाल रोग्याच्या हातात बंद पाकिटात पडेल, वॉर्डात मोठ्यानं वाचला जाणार नाही आणि नवऱ्याला किंवा सासूला त्या बाईच्या परवानगीशिवाय सांगितला जाणार नाही. यासाठी एक परिपत्रक पुरेल. सोयरिकीची भीती परिपत्रकानं जाणार नाही, ती जायला आम्हालाच बोलावं लागेल. माझ्या मुलींना मी सांगितलं आहे, की जोडीदाराला लग्नाआधी खरं सांगायचं, पाहुण्यांच्या बैठकीत नव्हे, दोघांनी एकमेकांशी बोलून. त्याच्या मामाला साठाव्या वर्षी काय झालं होतं हेही विचारायचं. दोष कुणाच्या घरात नसतो?

आता एका घाईबद्दल लिहून थांबते. सरकारी कामाला वर्षं लागतात, समिती बसते, प्रस्ताव वित्त विभागाकडं जातो, हे मी समजू शकते. पण यात एक गोष्ट थांबत नाही. ज्यांच्या रक्तातून घराण्याचं उत्तर मिळायचं, ती माणसं आज सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत केमोच्या खुर्चीत बसलेली आहेत. आत्या गेली, तिची लेकही गेली. बहीण राहिली म्हणून आम्हाला कळलं. तीही गेली असती तर आमच्या घरातल्या मुलींना आयुष्यभर अंदाजावर राहावं लागलं असतं. तेव्हा मिरजेतली ही ओपीडी याच आर्थिक वर्षात सुरू करावी, आणि ती होईपर्यंत राज्यातल्या प्रत्येक सरकारी कॅन्सर वॉर्डला निदान एवढा आदेश जावा, की खुणा जुळणाऱ्या रोग्याचं तिच्या संमतीनं थोडं रक्त या चाचणीसाठी जपून ठेवा.

आणि आपल्याबरोबर हे पत्र जे वाचतील त्यांना माझी विनंती आहे: घरात कुणी आजारी असेल तर त्यांच्याशी आज संध्याकाळीच बोला, आत्याचं, मावशीचं, दोन्ही आज्यांचं विचारा, आणि वयासकट लिहून घ्या.

आपली,
कुपवाडमधील एक नागरिक